केबलवरची काळी डबी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

वर चिरंजीव लिहिलंय ते सवयीने. त्यातून जास्त अर्थ काढू नकोस.

चार वर्षांनी लिहितोय, पण खुशाली विचारायला नाही. फोन केला असता तर तू गोड आवाजात "दादा, बोल ना" म्हणाला असतास आणि माझं बोलणं तिथेच बारगळलं असतं. गिऱ्हाइकाला गुंडाळायचा तो तुझा आवाज मला चांगला ठाऊक आहे.

काल हेडबाई वर्कशॉपात आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी बांधून घेतली, त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचा डावा स्पीकर मधूनच मुका व्हायचा. मी म्हटलं, सगळं घेऊन या, तारांसकट. तारा म्हणून जे आलं ते बघून मी खुर्चीत बसलो. मनगटाएवढी जाड केबल, वर निळी विणलेली जाळी, स्पीकरकडच्या टोकाला काडेपेटीएवढी काळी डबी आणि डबीवर सोनेरी बाण. बाई मला बजावतात, "बाण स्पीकरच्या बाजूला हवा हं. तुमच्या भावाने मुद्दाम सांगितलंय." मी पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला तेव्हा तू हाफ पँटीत नाक पुसत फिरत होतास. आता तू मला करंट कुठून कुठे जातो ते बाण काढून दाखवणार!

गालिचे अंथरलेल्या दुकानात बसून सगळं विसरला असशील, म्हणून उजळणी घेतो. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं, पण तो एका सुराला आठ असतो, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला तीनवर येऊन अ‍ॅम्प्लिफायरचा घाम काढतो. अ‍ॅम्प्लिफायर दमाचा हवा. त्याने स्पीकरचा पडदा हलवायचा आणि वेळेवर थांबवायचासुद्धा, नाहीतर ढोल वाजून गेल्यावरही स्पीकर बोंबलत राहतो. मधल्या तारेने जाड असावं, आखूड असावं आणि गप्प बसावं. हे काम तांब्याची कुठलीही साधी तार करते. तू तिला जाळी नेसवतोस आणि म्हणतोस, हिच्यामुळे आवाज 'मोकळा' होतो. लोकही माना डोलावतात. मूर्खांना गिऱ्हाईक करणं सोपं असतं, हे मला मान्य आहे.

बाईंच्या मुक्या स्पीकरचा दोष माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सैल स्क्रूत निघाला. तो कुणी सैल ठेवला हा इथे प्रश्न नाही.

प्रश्न डबीचा आहे. माझ्या स्पीकरला मागे चार टर्मिनल असतात, दोन जाड आवाजाच्या वूफरची आणि दोन बारीक आवाजाच्या ट्वीटरची. तुझ्या केबलला तसेच दोन फाटे. वूफरच्या फाट्याला मीटर लावला तर शून्य. ट्वीटरच्या फाट्याला दोन पूर्णांक सात ओहम. एवढ्या जाड तारेत! मी डबी फोडली. आत काळं रेझिन ओतलेलं आणि त्यात एक रेझिस्टर. आपल्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडलेले असतात तसलाच, यःकश्चित. हे तुझं गुपित तंत्रज्ञान. ट्वीटरचा आवाज थोडा दाबायचा आणि म्हणायचं, बघा कसा मऊ झाला.

अठरा तारखेला श्रोते मंडळाची बैठक आहे. तुझं दुकान त्या मंडळींच्या जिवावर चालतं हे मला माहीत आहे. तिथे सगळ्यांसमोर मी तुझी दुसरी एक डबी फोडणार आहे. आधी कळवतोय, कारण पाठीमागून काही करायची सवय आपल्या घरात तुला एकट्यालाच आहे.

तुझी वहिनी विचारते, तब्येत कशी आहे. तिला म्हटलं, केबलसारखीच जाड झाली असेल.

— दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

काल तू बाजू न मांडता निघून गेलास, म्हणून जे झालं ते लिहून पाठवतो. नंतर कुणाला वेगळं सांगू नयेस.

मी टेबलावर कापड अंथरलं, मंडळातल्या त्या आर्किटेक्टच्या घरची केबल ठेवली, डबी पकडीत धरून फोडली आणि आतला रेझिस्टर चिमटीत धरून रांगांमधून फिरवला. पुढच्या रांगेतल्या एकाने तर चष्मा काढून पाहिला. मग मी विचारलं, मंडळी, यासाठी तुम्ही बाण स्पीकरकडे ठेवत होतात का? हशा पिकला. चांगला मोठा पिकला.

तू मागे भिंतीला टेकून उभा होतास. तू एकच प्रश्न विचारलास. "दादा, तू केबल लावून आणि काढून, दोन्ही वाजवून पाहिलंस का?" मी म्हटलं, वाजवायची गरज काय, मीटरवर दिसतंय. त्यावर आर्किटेक्ट पुटपुटला की तुम्हीच नेहमी मीटरवाल्यांना नावं ठेवता, कानाने जुळवतो म्हणता. त्याला मी झटकून टाकलं. जो माणूस घर बांधताना जिना विसरला होता त्याने मला शिकवू नये.

मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, तुला म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय का?" तू माझ्याकडे पाहिलंस. चांगला वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. दादा म्हणतोय ते खरं आहे. आत रेझिस्टर आहे." आणि कोट उचलून गेलास.

मंडळाने ठरवलं ते ऐक. तुझ्या दुकानात यापुढे बैठक नाही, पत्रकावर तुझं नाव नाही, आणि ज्यांच्याकडे डब्यांच्या केबल आहेत त्यांनी त्या काढून माझ्याकडे जमा कराव्यात. मी त्यांना साधी तार कापून देणार आहे. एकूण चार घरं निघाली. आणि गंमत बघ, चारही माझीच गिऱ्हाइकं. बाकीच्यांना तू नुसतीच जाळीची केबल विकलीस, डबीचा प्रसाद फक्त माझ्या लोकांना. भावाच्या ताटातलं ओढायची हौस फिटली का?

मला वाटलं होतं तू भांडशील. उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. जिंकल्यासारखं वाटायला समोरचा थोडा तरी लढावा लागतो. तेवढंही तुला जमलं नाही.

तुझी वहिनी कालपासून माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "तो गप्प का बसला, हे एकदा स्वतःला विचारा." मी म्हटलं, बोलायला तोंड नव्हतं म्हणून. ती उठून गेली.

— दादा


१० मार्च

धाकट्या,

तू लोकांना किती बिघडवून ठेवलं आहेस याचा नमुना पाठवतो.

केबल बदलून तीन आठवडे झाले नाहीत तोवर आर्किटेक्टचा फोन. "आवाज टोचतोय हो." दोन दिवसांनी डॉक्टर. बासरी ऐकली की दातांत कळ येते म्हणाले. दातांच्या डॉक्टरच्या दातांत कळ! मी त्यांना सांगितलं, एखादा सहकारी गाठा. मग हेडबाई. व्हायोलिन म्हणजे पाटीवर खडू ओढल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. हे सगळे मनाचे खेळ आहेत. महाग वस्तू काढून घेतली की माणसाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि त्याला तो आवाज म्हणतो.

तरी मी माझं काम चोख करतो. कधी कधी अ‍ॅम्प्लिफायरला तार मानवत नाही आणि तो ऐकू न येणाऱ्या उंचीवर आतल्या आत थरथरायला लागतो, त्याने आवाजाला धार येते. म्हणून बाईंच्या घरी ती थरथर पडद्यावर दाखवणारा स्कोप घेऊन गेलो. अ‍ॅम्प्लिफायर शांत होता. तार तपासली, ठणठणीत. स्पीकर उघडला, एकही टाका निसटलेला नाही. तिघेही निर्दोष. बाईंना म्हटलं, लावा तुमची ती रेकॉर्ड.

बाईंनी लावली. मी डोळे मिटून ऐकलं. सुंदर वाजत होती, जरा पडद्याआडून आल्यासारखी मंद, पण सुंदर. डोळे उघडले तर बाई गालावर हात दाबून बसलेल्या. मी म्हटलं, छान तर वाजतंय. त्या नापास मुलाच्या बापाशी बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "तुम्हाला खरंच ऐकू येत नाहीये का?"

मी स्कोप उचलला आणि निघालो. चाळीस वर्षं या कानांनी जुळवलेल्या जोड्या लोक आजही वाजवतात. प्रत्येक जोडीत ट्वीटरच्या टर्मिनलच्या लगेच आत मी जो रेझिस्टर लावतो तो पुस्तकात बघून नाही. लावतो, ऐकतो, काढतो, दुसरा लावतो. शेवटचा निकाल कानाचा. आणि शाळेच्या बाईने मला विचारावं!

घरी आलो तर तुझ्या वहिनीच्या अंगात कणकण. थर्मामीटर लावला, तो वाजेना. गेल्या वर्षभरात हा तिसरा. मी तो टेबलावर घेऊन उघडायला बसलो. तिने माझ्या हातातून काढून घेतला, परत लावला आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "वाजला." मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, "आत्ता. मागचे दोन्हीही वाजत होते."

तापात माणूस काहीही बोलतो.

— दादा


१४ मार्च

धाकट्या,

हरामखोरा, हे पत्र तू एकटा असताना वाच.

जमा झालेल्या चार केबल टेबलावर ओळीने मांडल्या. मंडळाला लेखी अहवाल द्यायचा होता, तुझी आणखी शोभा करायची होती, म्हणून चारही डब्यांतले रेझिस्टर मोजले. एकाच मापाचे असतील अशी माझी खात्री होती. चार निघाले चार मापांचे. एक ओहम, एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक सात, तीन पूर्णांक तीन. मी म्हटलं, बघा, याला धड लबाडीही एकसारखी जमत नाही. मग कुठली केबल कुठल्या घरची ते शेजारी लिहायला घेतलं आणि माझी वही काढली. कुठल्या जोडीत मी स्वतः ट्वीटरला काय लावलंय ते त्या वहीत असतं, तुला माहीतच आहे.

सर्वांत आधीची जोडी डॉक्टरांची. मी लावलेला तीन पूर्णांक नऊ, तुझा एक. मग आर्किटेक्ट. माझा तीन पूर्णांक तीन, तुझा एक पूर्णांक आठ. हेडबाई. माझा दोन पूर्णांक दोन, तुझा दोन पूर्णांक सात. गेल्या वर्षीचा वकील. माझा दीड, तुझा तीन पूर्णांक तीन. बेरीज कर. मी चार वेळा केली. दर वेळी पाचच्या आसपास. तू वर्कशॉपात होतास तोवर मी प्रत्येक जोडीत पाचच्या आसपासच लावत होतो.

म्हणजे दर वर्षी मी थोडा कमी लावत गेलो, कारण मला बारीक आवाज पुरेसा वाटेना. आणि मी जेवढा कमी लावला तेवढा तू बाहेरून डबीत भरून पाठवलास.

मग मी हवा तो सूर काढून देणारा ऑसिलेटर काढला. सूर वर चढवत नेला. पाच हजार हर्ट्झच्या जरा पुढे ट्वीटर मेला. मी दुसरा ट्वीटर लावला, तोही तिथेच मेला. तिसरा लावला, तोही तसाच. मीटरचा काटा मात्र मजेत हलत होता. तुझ्या वहिनीला हाक मारली. ती दारातच दोन्ही हात कानांवर दाबून उभी राहिली आणि ओरडली, "अहो, बंद करा ते!" ट्वीटर नऊ हजारांवर ओरडत होता आणि मी त्याच्यापासून एका हातावर बसून शून्य ऐकत होतो.

तिला सगळं माहीत होतं. नवीन जोडी कुणाकडे गेली ते ती तुला कळवायची. तू त्या घरी जायचास, रेझिस्टर बदलून बदलून ऐकायचास, जमला की डबीत बसवायचास. माझं नाव खराब होऊ नये म्हणून, असं ती रडत सांगत होती.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की पाठीमागून काही करायची सवय तुलाच आहे. तू वर्कशॉप सोडलंस त्या दिवशीचं मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. तू दुकानाच्या मोहाने गेलास असं मी सगळ्यांना सांगतो, आणि इतकं सांगितलंय की माझाही विश्वास बसला होता. तू सोल्डरिंग आयर्न घेऊन माझ्या तयार जोडीवर वाकला होतास. "दादा, जरा टोचतंय, एकच ओहम वाढवतो," एवढंच म्हणालास. आणि मी तुझ्या तोंडात मारली. कामगारांसमोर. म्हटलं, माझ्या कानावर बोट ठेवणारा तू कोण, चालता हो.

तरी तुला सोडणार नाही मी. एका थपडेत गप्प बसलास? पत्र लिहायचं होतं, भांडायचं होतं, माझ्या पुढ्यात ऑसिलेटर आपटायचा होता. त्याऐवजी चार वर्षं मला बाहुलं करून ठेवलंस. मी मिशीला पीळ देऊन म्हणतोय, माझे कान, माझे कान, आणि तुम्ही दोघं मागून दोऱ्या ओढताय. लोकांना बाणाची थाप मारलीस आणि वर त्यांच्याकडून किंमतही घेतलीस. मला तुझी कीव नको होती. तुझी वहिनी म्हणते ती कीव नव्हती. काय होती ते तिलाही सांगता येत नाही.

आणि मंडळात चोर म्हणवून घेऊन उभा राहिलास! एक वाक्य बोलला असतास तर सुटला असतास. मला तुझा राग आला आहे, आणि लाज त्याहून जास्त वाटते आहे.

— दादा


१९ मार्च

धाकट्या,

कालच्या बैठकीला तुझी वहिनी आणि मी दोघंही गेलो. मी उभा राहिलो आणि सांगितलं. डबीतला रेझिस्टर फसवायला नव्हता, माझी चूक झाकायला होता. मला बारीक सूर ऐकू येत नाहीत. मी चार वर्षं तुम्हाला बिघडलेल्या जोड्या दिल्या.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. आर्किटेक्टच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, शेवटी रक्ताचं नातं, भावासाठी माणूस किती खाली वाकतो बघा. टाळ्या वाजल्या. अशा अडाण्यांना मी आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर बांधून दिले! डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा मोठेपणा कळला, पण तुमच्यासारखा कान या शहरात नाही. बसा तुम्ही."

मी बसलो नाही. पिशवीतून ऑसिलेटर काढला, हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. म्हटलं, सूर हळूहळू चढवा. सगळ्यांनी हात वर करायचा, ऐकू येईनासं झालं की खाली घ्यायचा. मी पहिल्या रांगेत सगळ्यांना दिसेल असा, त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

हजार, दोन हजार, चार हजार. माझा हात वर होता. पाच हजारांनंतर आवाज विरला आणि संपला. मला वाटलं डॉक्टरांचं बोट घसरून बटण बंद झालं. मी हात खाली घेतला आणि त्यांना सांगायला वळलो.

हॉल भरलेला होता आणि एकूण एक हात वर होता. हेडबाईंचा, आर्किटेक्टचा, त्याच्या म्हाताऱ्या आईचा. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या असलेल्या डॉक्टरांनी एका हाताने बटण फिरवत दुसरा वर धरला होता. शेवटच्या रांगेत तुझी वहिनी. तिचाही हात वर होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं. मग एकेक करून ते हात खाली घ्यायला लागले, ऐकू येत असताना, मला वाईट वाटू नये म्हणून. मी ओरडलो, "खोटं करू नका, वर ठेवा!" तेव्हा परत वर गेले.

तुझ्या बाजूने त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. पत्रकावर तुझं नाव परत येईल, डॉक्टर स्वतः तुला भेटायला येणार आहेत. ते बाण तेवढे काढून टाक. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

टेबलावर एक जोडी बांधून ठेवली आहे. सगळं झालंय, फक्त ट्वीटरचा रेझिस्टर राहिलाय. रविवारी ये. मी एकेक लावत जाईन, तू ऐकायचंस आणि सांगायचंस, मी सोल्डर करीन. तू चुकीचा आकडा सांगितलास तरी मला कळणार नाही. म्हणून नीट ऐक.

— दादा